पिल्लं उडेपर्यंत

कोकणात कौलारू घरांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे वटवाघळांची तक्रार आज ना उद्या येतेच. वासे बदलायला, रीपा ठोकायला म्हणून बोलावतात आणि आपण माजघरात उभे राहिलो की घरचं कोणीतरी हळूच सांगतं, "दादा, वर पाकोळ्या फार झाल्यात. जाता जाता तेवढ्या घालवा." असं करता करता तेच माझं मुख्य काम झालं. लांजा, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यात आता लोक कौलांपेक्षा वटवाघळांसाठीच मला जास्त फोन करतात. या कामात हात बसल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली. वटवाघळं घालवायची रीत सोपी आहे, शिकवली तर कोणालाही जमेल. ती कधी घालवायची हे मात्र प्रत्येक घरात नव्याने बघावं लागतं, आणि ती वेळ आपल्या सोयीची क्वचितच असते.

बोलावणं आलं की मी लगेच शिडी लावत नाही. आधी खाली काय पडलंय ते बघतो. हातमोजा घालून लेंडी चिमटीत दाबली, तिचा भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसले, की ते किडे खाणारं वटवाघूळ. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. सकाळी ओटीवर चघळलेला चोथा आणि बिया पडलेल्या असतील तर रात्री फळ घेऊन फक्त खायला लटकणारं कोणी आहे; त्याची वस्ती माळ्यावर नसते. बेडकाचे पाय किंवा पतंगांचे पंख सापडले तर अडगळीच्या अंधारात मोठ्या कानांचं मांसाहारी वटवाघूळ आहे. माळ्यावर बहुतेक वेळा भेटतात ती पहिल्या प्रकारची, पिपिस्ट्रेल. आगपेटीत मावेल एवढा जीव, वजन चार-पाच ग्रॅम. तो लाकूड कुरतडत नाही, वायरी तोडत नाही, काड्या आणून घरटंही करत नाही. त्रास होतो तो लेंड्यांचा, मुताच्या उग्र वासाचा आणि रात्रीच्या फडफडीचा. हा त्रास खरा आहे. खालच्या खोलीत दम्याचा रुग्ण झोपत असेल तर त्या घराला "निसर्ग आहे, राहू द्या" असं सांगून निघून येणं मला पटत नाही.

माझ्या आधी घरात काही ना काही उपाय झालेले असतात. कोणी मिरच्यांचा धूर घातलेला असतो, कोणी डांबराच्या गोळ्या वाटीवाटीने ठेवलेल्या असतात, कोणी ऑनलाइन मागवलेलं आवाज सोडणारं यंत्र लावलेलं असतं. धुराने मोठी वटवाघळं भेदरून खोल्यांत शिरतात आणि पिल्लं वरच गुदमरतात. गोळ्यांचा वास वटवाघळांपेक्षा घरातल्या माणसांच्याच छातीत बसतो. यंत्राने काही होत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे भर दिवसा फट बुजवणं. वस्ती आतच कोंडली जाते, तडफडून मरते आणि पुढे कित्येक दिवस घरात बसवत नाही.

माझी रीत अशी. दिवस मावळायच्या सुमारास घराच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन माणसं खळ्यात बसवायची आणि नजर वळचणीवर ठेवायची. काळोख पडता पडता एकेक जीव फटीतून खाली घसरल्यासारखा सुटतो आणि जमिनीवर येण्याआधी पंख पसरतो. कुठून किती निघाली ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी शिडी लावून बघितलं की त्याच फटींभोवती अंगाच्या तेलाचा तपकिरी डाग दिसतो, खाली भिंतीला लेंड्या चिकटलेल्या असतात. फट बोटभर रुंद असली तरी त्यांना पुरते. वापरातल्या फटी तेवढ्या सोडून बाकी सगळ्या आधी बंद करायच्या. मग वापरातल्या फटीवर बारीक छिद्रांची, मऊ प्लास्टिकची जाळी लावायची: वरून आणि दोन्ही बाजूंनी घट्ट, खालून मोकळी, फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबेल इतकी. आतलं वटवाघूळ जाळीमागून सरपटत खाली येतं आणि उडून जातं. परत येताना मात्र ते थेट ओळखीच्या फटीशीच उतरतं. खालून वाट आहे हे त्याला उमगत नाही. दोन-तीन घिरट्या घालून ते दुसरा आसरा शोधतं. जाळी निदान आठवडाभर ठेवायची, कारण मुसळधार पावसाच्या रात्री काही जण बाहेरच पडत नाहीत. सलग काही संध्याकाळी एकही निघालं नाही, की जाळी काढून फट कायमची बुजवायची.

हे सगळं व्यर्थ जातं, नव्हे, क्रूर ठरतं, जर आत न उडणारी पिल्लं असतील. आई बाहेर अडकते आणि पिल्लं माळ्यावर उपाशी मरतात. परदेशात यासाठी ठरलेले महिने असतात. उन्हाळ्यात पिल्लं होतात, तेवढा काळ काम बंद. आपल्याकडे तसं एकच पान उघडून चालत नाही. नागपूरला ए. गोपालकृष्ण यांनी कित्येक दशकं वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. काही जाती वर्षातून एकदाच वितात, तर काही वर्षभर केव्हाही, हे अशा अभ्यासातूनच कळलं. लहान पिपिस्ट्रेलला वर्षात एकाहून अधिक वेळा पिल्लं होतात. म्हणून कुठल्याही महिन्यात, मोठी बाहेर पडल्यावर, मी लाल काचेची बॅटरी घेऊन माळ्यावर चढतो. पिल्लं असली तर वाशाच्या सांध्यात गुलाबी, बिनकेसांची, एकमेकांना बिलगून असतात आणि त्यांची बारीक चिवचिव ऐकू येते. तसं दिसलं की तीन-चार मिनिटांत खाली उतरायचं. ती उडायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर जाळीला हात लावायचा नाही.

याच मुद्द्यावर घरमालकाशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं, आणि तेही बहुधा गणपतीच्या तोंडावर. मुंबईहून चाकरमानी यायचे, माजघरात अंथरुणं पडायची, आणि वरून लेंड्या गळताहेत. राजापूरकडच्या एका घरातल्या काकांनी मला श्रावणात बोलावलं. वर पिल्लं होती. "काका, आत्ता नाही होणार," म्हटल्यावर ते चिडले. "अरे, बाप्पा काय तुझ्या पाकोळ्यांसाठी थांबणार आहे?" मी त्यांना शिडीवर चढवलं आणि लाल उजेडात ती पिल्लं दाखवली. खाली आल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "मग माजघराचं काय?" तो प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर होतं. पाटईच्या फळ्यांमधल्या फटी आम्ही खालून पट्ट्या मारून बंद केल्या, वर वस्तीच्या बरोबर खाली ताडपत्री पसरली, दिव्याच्या वायरींची भोकं बुजवली. माणसं खाली, वटवाघळं वर, मधे वाट नाही. गणपती नीट पार पडले. पिल्लं उडती झाल्यावर, दिवाळीच्या आधी जाळी लागली. मंगळुरी कौलांच्या घरात तर बऱ्याचदा मी एवढ्यावरच थांबतो. कौलाकौलांत फट असते, ती कुठवर बुजवणार? तिथे छप्पर त्यांच्याकडे आणि खोल्या आपल्याकडे, अशी वाटणी जास्त टिकते.

कायद्याचंही लोक विचारतात. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत, उंदीर आणि कावळ्यांच्या सोबत उपद्रवी म्हणून घातलेली होती. त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या यादीत, बेळगावजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटन यांच्या नावाचं किडे खाणारं वटवाघूळ होतं. 2022 च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच काढून टाकली, आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आपल्या माळ्यावर नेमकी कोणती जात आहे हे खळ्यातून कळत नाही. म्हणून मोठी वस्ती असली की मी आधी वन विभागाला कळवतो. 1926 हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. ब्रिटनमध्ये 1981 पासूनच्या कायद्याने वटवाघळांच्या जागेला, ती त्या वेळी रिकामी असली तरी, संरक्षण आहे. आपल्याकडे कागद तेवढा कडक नसला तरी मारायचं नाही, कोंडायचं नाही, पकडायचं नाही, हे माझ्या कामात कधी सुटत नाही.

भीती आहे ती रोगाची. मे 2018 मध्ये कोझिकोड भागात निपाह आला तेव्हा बाधित कुटुंबाच्या विहिरीत सापडलेल्या वटवाघळांवर पहिला संशय गेला. ती किडे खाणारी निघाली आणि त्यांचे नमुने निगेटिव्ह आले. विषाणूच्या खुणा पुढे सापडल्या त्या झाडांवर राहणाऱ्या मोठ्या फलाहारी वटवाघळांत. पण 2021 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध केलं, त्यात पिपिस्ट्रेलही होतं. तेव्हा घाबरून काठीने डिवचायचं नाही, आणि निर्धास्त होऊन हातात घ्यायचंही नाही. चावलंच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लेंड्या सुक्या झाडायच्या नाहीत. त्या धुळीतून फुफ्फुसांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. एन-95 मास्क लावायचा, पाणी शिंपडून सगळं ओलं करायचं, मग खरवडून पिशवीत भरायचं.

वैशाखात शाकारणी सुरू झाली की मला सगळ्यात काळजी वाटते. सकाळी दहाला कौलं उतरवायला घेतात आणि उघडी पडलेली वस्ती भर उन्हात कावळ्यांच्या तोंडी जाते. कौलं काढून पत्रा घालताना आणि जुनं घर पाडून स्लॅब टाकतानाही हेच होतं. ते टाळणं अजिबात कठीण नाही. आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ वर बघायचं, पिल्लं नसतील तर आधी एक पाखं उघडायचं, दोन-चार रात्री थांबायचं, मग दुसरं. सुतार, गवंडी, फॉल्स सीलिंगवाले, पेस्ट कंट्रोलवाले या सगळ्यांनी ही एक संध्याकाळ आपल्या कामात धरावी असं मी भेटेल त्याला सांगतो. माझ्या बिलात तिचे पैसे वेगळे लावलेले असतात. नुसतं बसून बघण्याचे पैसे कसले, असं कोणी विचारलं की मी समजावून सांगतो आणि ते घेतो. या कामातलं कसब त्या बघण्यातच आहे. जाळी काय, कोणीही ठोकेल.