लुंबिनीच्या वाटेवर लॅपटॉप

नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सीमेवरची कमान ओलांडली की आपण नेपाळात. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावयाचे. तथागतांच्या जन्मभूमीची ही वाट आपल्या अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. हल्ली सामानात मुलांचा लॅपटॉपही असतो. कारण प्रवेशाची यादी प्रवासातच लागली, तर फॉर्म तिथूनच भरावा लागतो.

गोरखपूर स्टेशनवर रेलटेलचे वायफाय रोज पहिला अर्धा तास मोफत असते. कागदपत्रे तिथेच लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावीत. सीमेपलीकडे थोडे गेले की भारतीय सिमची रेंज जाते. भैरहवा गावात एनसेल किंवा नेपाल टेलिकॉमचे सिम घ्यावे. त्यासाठी फोटो, ओळखपत्र आणि असल्यास पासपोर्ट जवळ ठेवावा. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की लॅपटॉप चालतो. वीजही आपल्यासारखीच, २३० व्होल्टची.

खरी मेख ओटीपीची. तो भारतीय नंबरवरच येतो. म्हणून नेपाळी सिम घातले तरी आपले सिम काढून पाकिटात टाकू नये. दोन सिमचा फोन न्यावा. नाशिक सोडण्यापूर्वीच दर विचारून रोमिंग सुरू करून घ्यावे. हॉटेलच्या वायफायवर यादी पाहावी, पैशांचा व्यवहार मात्र करू नये.

बंधुभगिनींनो, आईवडील अशोकस्तंभापाशी उभे आणि एका ओटीपीवाचून मुलीची कॉलेजातली जागा गेली, असे आपल्या घरात होता कामा नये.