मांजर कोणाच्या नावावर?

मांजर घरात घ्यायचे की नाही, हा प्रश्न मावळात बहुधा जूनमध्ये उभा राहतो. मिरगाचा जोर झाला की आडोशाला वाढणारी पिल्ले कोरडी जागा शोधत बाहेर येतात आणि माणसांच्या नजरेला पडतात. कामशेतच्या बाजारात बंद दुकानाच्या फळीखाली, तळेगावच्या सोसायट्यांत गाडीच्या बॉनेटमध्ये, लोणावळ्यात तुंगार्ली-वलवणच्या बाजूला कुलूप लावलेल्या बंगल्यांच्या पंपघरात ती सापडतात. कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते, खाली ‘घर हवे आहे’ असे लिहिते, आणि दोन-चार घरांत रात्रीच्या जेवणानंतर चर्चा सुरू होते.

तळेगावातल्या अशाच एका घरात यंदा चर्चेच्या आधी वास आला. लोणावळ्यात बंगल्यावर कामाला जाणाऱ्या शेजारच्या मुलाने संध्याकाळच्या लोकलने एक पिल्लू आणले होते, भिजलेल्या गोणपाटात गुंडाळून. त्या कुबट वासाने घरातली सर्वांत वडीलधारी बाई उठून दारात आली. पिल्लू तिने टॉवेलात घेतले, गोणपाट जिन्याखाली टाकायला लावले आणि विचारले, “बाळा, याची आई कुठाय रे?” मुलगा म्हणाला, “असते आजी तिथंच, टाकीपाशी. पण हाताला येत नाही.”

या बाईचे बालपण नाणे मावळातले. त्या घरात पोते ही मांजराच्या बाबतीत ठरलेली वस्तू होती. भाटी, म्हणजे मांजरी, माळ्यावर व्यायची. पिल्ले खाली उतरू लागली की त्यातले एक ठेवायचे, बाकीची पोत्यात घालून इंद्रायणीपलीकडे सोडून यायची. मुलांना सांगायचे, बाजारात दिली. भाटी पुढच्या रात्री पडवीत, गोठ्यात, पुन्हा पडवीत अशी हिंडत ओरडत राही. घरातले कोणी त्याविषयी चकार शब्द काढत नसे.

याला क्रौर्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. भातावर जगणाऱ्या घरात मांजर कोणी दत्तक घेत नसे. ते कणगीसाठी असे. कणगीत वर्षाचे भात, माळ्यावर पेंढा आणि पेंढ्यात उंदीर, एवढ्यात त्याची नेमणूक होऊन जाई. मांजराला पोटभर घातले तर ते उंदीर धरत नाही, अशी समजूत असल्याने खायला बेताचेच. एका कणगीला एक मांजर पुरे होते, आणि पोत्याचा हिशेब तिथून निघे. माणूस आणि मांजर यांचा संबंधच धान्याच्या कोठारापाशी जुळला, असे संशोधकही मानतात. घरगुती मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातले रानमांजर, आणि सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे.

अमरावतीची एक हकिकतही इथे सांगायला हवी, मावळाशी तिचा संबंध नसला तरी. प्लेगच्या वर्षांत तिथल्या लेफ्टनंट कर्नल बुकॅनन या सरकारी डॉक्टराने गावोगावची मांजरे मोजली, आणि जिथे मांजरे जास्त तिथे प्लेग कमी, असे १९०८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापले. पुण्यात प्लेगबंदोबस्ताच्या जुलमापायी १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडचा वध झाला होता. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी एक गोरा अधिकारी सरकारला मांजरे पाळायला सांगत होता. त्याची आकडेमोड आजच्या कसोटीला उतरेल का, हा भाग वेगळा. मांजरे मोजण्यापूर्वी त्या घरांमधली पोती कोणी मोजली नव्हती, हे मात्र खरे.

आता कणगी गेली, तिची जागा पत्र्याच्या कोठीने आणि रेशनच्या पिशवीने घेतली. मांजराला काम उरले नाही, म्हणून निर्णय करावा लागतो. त्यात पहिला प्रश्न पिल्लाच्या आईचा. आडोशाला दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. भाटी खाणे शोधायला तासन्‌तास बाहेर असते, आणि माणूस जवळ उभा असला तर परत येत नाही. पिल्ले गरम, शांत आणि पोट भरलेली दिसत असतील तर लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. ती गार पडली असतील, सतत ओरडत असतील किंवा पाण्यात सापडली असतील तरच लगेच उचलावी. आठ आठवडे ती आईजवळ राहणे सर्वांत चांगले. माणसाच्या हाताची सवय मात्र दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते, म्हणून त्या काळात रोज थोडा वेळ हाताळलेली पिल्ले पुढे घरात सहज रुळतात. वाचवण्याच्या उत्साहात जी पिल्ले उचलली जातात, त्यांतली बरीचशी खरे तर आईपासून तोडलेली असतात. पोत्यात आणि या उत्साहात भाटीच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

दुसरा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल: हे मांजरच आहे ना? सह्याद्रीत वाघाटी नावाचे रानटी मांजर असते, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेले जनावरही दीड किलोच्या आसपास. शेजारच्या जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी त्याची पिल्ले शेतात सापडतात आणि वन विभाग माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या पथकाच्या मदतीने ती पुन्हा आईकडे पोचवतो. अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पांढरे पट्टे असतील तर पिल्लाला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. वाघाटी घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

तिसरा प्रश्न, कोणते घ्यावे. सगळ्यांना पिल्लू हवे असते, त्यातही पिवळे किंवा तीनरंगी. (तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि पिवळी बहुतेक बोके असतात.) काळे मांजर मागे राहते, कारण ते आडवे जाते म्हणून शंभर वर्षांची कुजबूज त्याच्या मागे. पण सर्वांत मागे राहतो तो प्रौढ बोका: कान फाटलेला, गाल फुगलेले, एका डोळ्यावर फूल पडलेले. खरे तर नवख्या कुटुंबासाठी त्याच्याइतके सोयीचे जनावर नाही. त्याचा स्वभाव कळलेला असतो, पडदे ओरबाडायचे वय सरलेले असते, आणि खच्ची केल्यानंतर तो दिवसातले पंधरा तास झोपतो. अशा बोक्याची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून ती इथे केली.

घरी आणण्यापूर्वी, निदान त्याच दिवशी, जनावरांच्या डॉक्टराला दाखवावे. पिसवा, कानातले किडे, जंत हे ठरलेलेच. भीती असते ती पॅनल्युकोपेनिया या रोगाची, जो लस न दिलेली पिल्ले दोन-तीन दिवसांत नेतो. म्हणून घरात आधीचे मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतात. ‘ट्रायकॅट’ लस आठव्या आठवड्यापासून आणि रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. अनोळखी मांजर चावले वा बोचकारले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद भरून घरी बसायचे नाही. घरातल्या औषधांचा प्रयोगही नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या परमेथ्रिनच्या थेंबांनीही तेच होते.

शाकाहारी घरांत चर्चा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडते. मांजर दूध-पोळीवर निभते, हा गैरसमज आहे. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, आणि टॉरिन हा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो नसेल तर डोळे आणि हृदय बिघडते. तयार खाण्यात तो घातलेला असतो, म्हणून शाकाहारी घरांना तो मार्ग परवडतो. ज्यांना त्याचाही विटाळ वाटतो त्यांनी मांजर घेऊ नये, ससा पाळावा.

घरात सून गरोदर असली की चर्चा संपतेच. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे नाव निघते आणि मांजर बाहेर जाते. गंमत अशी की बाळाच्या रक्षणासाठी जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरे, पण बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. मांजराची पेटी रोज आणि दुसऱ्या कोणी साफ केली तर धोका फार कमी उरतो. कच्चे राहिलेले मटण आणि न धुतलेली भाजी यांची भीती त्याहून जास्त धरायला हवी.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि शहरातल्या पुस्तकांत मांजराविषयी लिहिलेले पुष्कळसे इथे जुलैत वाहून जाते. मांजर बाहेर जायला नकार देते. पेटीतली माती वाळत नाही, म्हणून मेमध्येच कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा दोन पोती भरून माळ्यावर टाकावा लागतो. (पोते या कामालाही येते.) दमट हवेत पिल्लांना गजकर्ण होते आणि ते मुलांच्या अंगावर उठते, इलाज सोपा असला तरी लांबतो. रात्री मांजर आत घ्यावे, कारण मावळात बिबट्या आहे, आणि त्याला कुत्र्या-मांजरांत डावे-उजवे नाही.

यानंतरचा प्रश्न पोत्याचाच आहे. भाटी पाचव्या-सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोनतीनदा विण्याची तिची तयारी असते. नसबंदीची सोय नसलेल्या काळात त्या संख्येला उत्तर म्हणून नदीपलीकडची वाट होती. आज शस्त्रक्रिया आहे, आणि ती केलेल्या भटक्या मांजराच्या कानाचे टोक खुणेसाठी किंचित कापलेले असते. ज्याला हा खर्च झेपत नाही त्याने मांजर घेऊ नये. ज्याला आणखी मांजरांचा मोह आवरत नाही त्यानेही. पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक मांजरे आढळली आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली. ती सगळी कळवळ्यानेच आत आली असणार.

मांजर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. उपाशीतापाशी पडेल अशा स्थितीत जनावर टाकले तर पहिल्या वेळेस दंड दहा ते पन्नास रुपये.  पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवाना लागू केला, पण लोणावळा आणि तळेगाव त्या हद्दीत येत नाहीत. तेव्हा इथले मांजर कागदावर कोणाच्याच नावावर नसते.

आणि यातूनच शनिवार-रविवारची मांजरे तयार होतात. मुंबईहून कुटुंब येते, मुले पंपघरापाशी बिस्किटे, चिकन टाकतात, पिल्लाला नाव ठेवतात, फोटो काढतात. रविवारी रात्री गाडी निघते आणि बंगल्याला कुलूप लागते. नाव ठेवलेले पिल्लू सोमवारपासून दाराशी बसते. पोते उचलणाऱ्याला आपण काय करतो ते निदान ठाऊक असे. या मंडळींना आपण मांजर पाळतो असे वाटते. त्यांच्याविषयी या लेखात सहानुभूती नाही.

सोमवार ते शुक्रवार त्या मांजराला घालते ती केअरटेकरची बायको. आपल्या भातातला घास, सुक्या बोंबलाचे डोके, कधी काहीच नाही. दत्तक घेण्याच्या चर्चा होतात त्या घरांत तिला कोणी विचारत नाही. तळेगावच्या आजींनी मात्र मुलाबरोबर तिलाच निरोप पाठवला. तिने दोन दिवस टाकीपाशी एकाच जागी पिंजऱ्यात ताटली ठेवली आणि तिसऱ्या दिवशी भाटी आत शिरली. शस्त्रक्रिया झाली, कानाचे टोक कापले, आणि भाटी पुन्हा पंपघरापाशीच सोडली, कारण ती माणसाळणाऱ्यांतली नव्हती आणि तिचा मुलूख तोच होता. पिल्लू तळेगावात राहिले.

सगळ्यांनीच मांजर घरात आणायला हवे असे नाही. बारा-पंधरा वर्षे घरात रोज कोणीतरी असणार असेल तर जरूर आणावे, आणि जमल्यास बोका आणावा. ज्यांच्या बंगल्याला आठवड्यातले पाच दिवस कुलूप असते त्यांनी पिल्लाला नाव ठेवू नये. आपल्या पंपघरातल्या भाटीच्या शस्त्रक्रियेचे पैसे भरावेत आणि महिन्याच्या खाण्याचे केअरटेकरच्या बायकोच्या हातात द्यावेत, पगारातून न कापता.