सकाळी आठची परीक्षा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. मोटारींच्या शर्यती! मास्तरांना या वयात हे काय सुचलं, असं घरच्यांनाही वाटलं असेल. पण आमच्या नातवामुळे गाब्रिएले तार्क्विनी या इटालियन गृहस्थांची कारकीर्द कळली आणि राहवलं नाही. जन्म 1962 चा, गाव जुलियानोव्हा, एड्रियाटिक समुद्राकाठचं.

तार्क्विनी 1987 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आले. त्या काळात तिथे संघांची नुसती गर्दी झाली होती. 1989 चंच उदाहरण घ्या. नाव नोंदवलेल्या गाड्या 39 आणि शर्यतीत जागा 26. मग चाळणी कशी लावायची? लहान, गरीब संघांच्या 13 गाड्यांची शुक्रवारी सकाळी आठ वाजता तासाभराची परीक्षा. त्यातल्या पहिल्या चार पुढे, बाकीच्यांनी सामान बांधायचं. खरी शर्यत रविवारी, आणि हे बिचारे शुक्रवारी नऊ वाजताच मोकळे!

ही परीक्षा सर्वांत जास्त वेळा नापास होण्याचा विक्रम तार्क्विनींच्या नावावर आहे. एकूण 78 वेळा नाव नोंदवलं, शर्यतीत उतरायला मिळालं 38 वेळा. साऱ्या कारकिर्दीत गुण किती? एक. फक्त एक! तोही 1989 साली मेक्सिकोत, एजीएस नावाच्या छोट्या फ्रेंच संघाच्या गाडीत सहावा क्रमांक आला म्हणून. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पुन्हा शुक्रवारची परीक्षा आणि पुन्हा नापास.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढे ते टूरिंग कारकडे वळले. म्हणजे दिसायला आपल्या रस्त्यावरच्यासारख्या, पण शर्यतीसाठी तयार केलेल्या गाड्या. तिथे धक्काबुक्की चालते, दारं चेपतात, आरसे तुटतात. 1994 मध्ये अल्फा रोमिओ 155 घेऊन त्यांनी ब्रिटनची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. 2003 मध्ये युरोपची. 2008 साली जागतिक स्पर्धेत त्यांच्याच संघातल्या इव्हान म्युलरने त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. पुढच्याच वर्षी मकावच्या शेवटच्या फेरीत त्याच म्युलरला मागे टाकून तार्क्विनी जगज्जेते झाले. गाडी सेआत, तीही डिझेलवर चालणारी. वय 47! थोर फान्जिओ 1957 साली शेवटचे जगज्जेते झाले तेव्हा 46 वर्षांचे होते. त्यांचाही विक्रम मागे पडला.

बरं, या स्पर्धांत एक गंमत असते. जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या वेळी जादा वजन घालतात, म्हणजे बाकीच्यांनाही संधी मिळावी. हुशार मुलाच्या दप्तरात दगड भरण्यासारखंच की हे! तरीही 2018 साली, वयाच्या 56 व्या वर्षी, ह्युंदाई चालवत त्यांनी जागतिक टूरिंग कार करंडक जिंकला. पुन्हा मकाव, समोर पुन्हा म्युलर, आणि फरक फक्त तीन गुणांचा. 2021 च्या अखेरीस, 59 व्या वर्षी ते थांबले.

आता माझ्यातला मास्तर बोलतो. शुक्रवारी सकाळी आठला नापास कोण होत होतं? बऱ्याच अंशी गाडी. संघाकडे पैसा नाही, इंजिन कमजोर, टायर बेताचे. निकालपत्रकात मात्र नाव चालकाचं. आपल्याकडे दहावीच्या निकालात हेच होतं. घरात दिवा नाही, शिकवणी नाही, आई आजारी, आणि शिक्का बसतो पोरावर. आयुष्यभर वर्गात निकाल वाचून दाखवले, त्यामुळे हे फार जवळून पाहिलं आहे.

‘चिकाटी ठेवा, यश मिळतंच’ असं मी म्हणणार नाही. त्या सकाळच्या रांगेतले कितीतरी चालक पुढे कुठे गेले ते कुणाला ठाऊकही नाही. तार्क्विनींना दुसरा विषय मिळाला, बरी गाडी मिळाली. पण एक मात्र खरं, ती मिळेपर्यंत त्यांनी चालवणं सोडलं नव्हतं. आणि कुणीतरी त्यांच्या हाती किल्ली देताना जुनं निकालपत्रक बाजूला ठेवलं होतं. मला या दुसऱ्या माणसाचंच जास्त कौतुक वाटतं.

तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी, उशिरा पास झालेलं? जरूर लिहा.

असो. नातू म्हणतो, आता पुढचा लेख क्रिकेटवर हवा. बघू या!