आमच्या घरची मोरी

गृहस्थाश्रमावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. देवघर कोणत्या दिशेस असावें, स्वयंपाकघरांत उजेड कोठून यावा, मुलांच्या अभ्यासास कोणती खोली बरी, ह्या सर्वांची चर्चा झालेली आहे. परंतु ज्या चार बोटांच्या भोंकांतून घराची सारी घाण रोज निमूटपणें बाहेर जाते, त्या मोरीविषयीं दोन शब्द लिहावे असें कोणा लेखकास वाटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्हांसही तें वाटलें नसतें. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पतंजलीच्या पांच नियमांत शौच हा पहिला, हें फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. आणि त्या साऱ्या काळांत स्वतःच्या घरच्या मोरीची जाळी एकदांही उचलून पाहिली नव्हती. गेल्या वैशाखांत ती उचलण्याचा प्रसंग आला, त्याची ही हकीकत.

आमचा पुण्यांतील जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, त्यास आतां वीस वर्षें होत आलीं. दोन बिऱ्हाडें एकत्र करून आम्ही लहानमोठीं अकरा माणसें तेथें राहतों. वैशाखाच्या आरंभीं मागच्या खोलीच्या न्हाणीघरांतून दुर्गंध येऊं लागला. ती खोली पाहुण्यांची. महिनाभर तेथें कोणी उतरलें नव्हतें. वासाचें निदान प्रत्येकानें आपापल्या प्रकृतीप्रमाणें केलें. आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उंदीर मेला असेल." सौभाग्यवतीचा रोख शेजाऱ्यांवर होता. थोरल्या चिरंजीवांनीं बाजारांतून गुलाबाच्या वासाचें कसलेंसें द्रव आणून ओतलें. त्या दिवशीं गुलाब आणि घाण ह्यांचा जो समास झाला, त्यांत कोणतें पद प्रधान हें सांगण्यास वैयाकरणाची गरज नव्हती!

धाकटी सून महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. ती म्हणाली, "अण्णा, हा वास सडक्या अंड्यासारखा आहे, गटारांतल्या वायूचा आहे." वहिनींनीं जन्मांत अंडें हातीं धरलें नाहीं, तेव्हां त्यांस ही उपमा पटेना. परंतु सुनेनें तांब्याभर पाणी आणून त्या मोरींत ओतलें, आणखी एक ओतलें, आणि तासाभरांत वास नाहींसा झाला. आम्ही थक्क झालों. मंत्र नाहीं, औषध नाहीं, केवळ पाणी!

त्यांतील मर्म तिनें आम्हांस समजावून दिलें. न्हाणीच्या जाळीखालीं एक वाडगें बसविलेलें असतें. प्लंबर लोक त्यास 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. म्हणजे साहेबाच्या शास्त्रांतही न्हाणी हा आपलाच शब्द जाऊन बसला आहे, हें कळून आम्हांस अंमळ बरें वाटलें. त्या वाडग्यांत सुमारें दोन इंच पाणी कायम उभें असतें. वरून आलेलें पाणी त्यास ढकलून पुढें जातें, परंतु गटारांतील वायु त्या पाण्यास ओलांडून वर येऊं शकत नाहीं. पाण्याचेंच कवाड! सिंकखालच्या वांकड्या नळींतही हीच युक्ति असते. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या लंडनच्या एका घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं अशा वांकड्या नळीचें पेटंट घेतलें. वापर नसलेल्या मोरींतील हें पाणी उन्हाळ्यांत कांहीं आठवड्यांत आटून जातें आणि कवाड आपोआप उघडें पडतें. म्हणून रिकाम्या खोलीच्या मोरींत आठवड्यास तांब्याभर पाणी ओतावें. दीर्घ यात्रेस निघतांना त्यावर चमचाभर गोडें तेल सोडलें, तर पाणी लवकर आटत नाहीं.

इतकें ज्ञान पदरीं पडल्यावर आम्ही मोरीशास्त्रांत पारंगत झालों असें आम्हांस वाटूं लागलें. तो गर्व पंधरवडाभर टिकला.

वैशाख वद्य पंचमीस आमच्या तीर्थरूपांचें श्राद्ध असतें. आदले दिवशीं रात्रीं स्वयंपाकघराच्या सिंकमधलें पाणी हळूहळू जाऊं लागलें. आम्हीं कपडे शुभ्र करण्याचें ब्लीचचें पाणी त्यांत ओतलें आणि निजलों. सकाळीं पाहतों तों सिंक तुडुंब भरलेलें, त्यावर तेलाचा तवंग आणि भाताचीं शितें तरंगत आहेत. गुरुजी दहा वाजतां यावयाचे होते. प्लंबरास फोन केला; तो म्हणाला, "उद्यां येतों." वहिनी सोंवळ्यांत उभ्या होत्या आणि वड्यांची डाळ वाटावयाची राहिली होती. अशा वेळीं माणसाची बुद्धि कशी चालते पाहा. संडास धुण्याच्या अम्लाची बाटली कपाटांत दिसली. आम्हीं ती उचलली आणि रात्रीच्या ब्लीचवर ओतली.

क्षणार्धांत असा उग्र वायु वर आला कीं डोळ्यांस धारा लागल्या, घसा आवळला आणि श्वास घेतां येईना. सून धांवत आली. तिनें आम्हांस दंडास धरून बाहेर ओढलें, मुलांस गच्चींत पाठविलें आणि दारें-खिडक्या सताड उघडल्या. अर्ध्या तासानें श्वास पूर्ववत् झाला. तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "अण्णा, ब्लीच आणि अम्ल एकत्र झालें कीं क्लोरीन निघतो. १९१५ सालीं महायुद्धांत हाच वायु शत्रूवर सोडला होता." वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं आम्ही नातवंडांवर तो सोडला होता. ह्याउपर आम्ही काय बोलणार? वाचकांस एवढीच विनंती कीं मोरींत दोन निरनिराळ्या बाटल्यांतील द्रव्यें कधींही एकामागून एक ओतूं नयेत. तीव्र क्षाराच्या पुड्या मिळतात, त्यांचाही मोह धरूं नये. त्या कातडी आणि डोळे जाळतात, आणि अडथळा न सुटल्यास तेंच जहाल पाणी वर सांचून राहतें. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ह्यांचा फेस दिसतो मात्र मोठा, परंतु तीं दोन्ही एकमेकांस मारून टाकतात. मळ जागच्या जागीं राहतो.

वायु निवळल्यावर खरें काम आरंभिलें. सुनेस दुसरें पुष्कळ होतें; तिनें रबरी हातमोजे आणि चष्मा आम्हांस दिला आणि दारांत उभी राहून ती सांगत गेली. प्रथम सिंकमधलें पाणी जुन्या भांड्यानें उपसलें. मग खालीं बादली ठेवून नळीचा पेल्यासारखा भाग हातानेंच डावीकडे फिरवून सोडविला. आंत काय होतें? चहाचा चोथा, कढीपत्त्याचे देठ, भाताचा लगदा आणि ह्या सर्वांस घट्ट धरून बसलेलें, थिजलेलें तूप! आमच्या घरचें सारें वैभव त्या पेल्यांत होतें. तूप गरम असतांना पाण्यासारखें वाहतें, नळींत गार होऊन थिजतें आणि त्यावर एकेक शीत येऊन चिकटतें. न्हाणीघरांत हेंच काम केंस आणि साबण करतात. आपल्या जड पाण्यांत साबणाची चिकट साय बनते आणि ती केंसांस धरून बसते.

तो पेला आम्ही बोटांनीं कोरूं लागलों आणि मनांत एक जुनी गोष्ट उभी राहिली. वाड्याच्या दिवसांत मागच्या बोळाच्या दारानें एक गृहस्थ येत असत आणि मोऱ्या व संडास साफ करून जात असत. गृहस्थ हा शब्द आज लिहितों. तेव्हां त्यांच्यासाठीं तो कोणी वापरीत नसे. त्यांस पाणी वरून ओतलें जाई, पैसे उंबऱ्यावर ठेवले जात. पुढें त्यांचा मुलगा आमच्या शाळेंत, आमच्याच वर्गांत आला. एके दिवशीं आम्ही शौच शब्दाचें विवरण करीत होतों. बाह्य शौच, आभ्यंतर शौच, असें सर्व सांगून झालें. तो मुलगा उभा राहिला आणि अगदीं सरळपणें म्हणाला, "सर, माझे वडील लोकांची घाण काढतात आणि घरीं येऊन दोनदां अंघोळ करतात. ते शुचि कीं अशुचि?" वर्ग स्तब्ध झाला. आम्ही म्हणालों, "विषयांतर करूं नकोस, खालीं बैस." तो बसला. त्यानंतर वर्षभरांत त्यानें आम्हांस एकही प्रश्न विचारला नाहीं.

तें विषयांतर नव्हतें. विषय तोच होता. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. तें उच्चारण्याचें धैर्य नव्हतें. १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धनांनीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम आपणांस मिळावें म्हणून हट्ट धरला आणि त्यासाठीं अन्न सोडलें. त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींही उपास केला. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक आमच्यासारख्याच घरांतला. ही कथा आम्हीं शाळेच्या व्यासपीठावरून भाषणांत सांगितली होती, टाळ्याही घेतल्या होत्या. हातांत मात्र पेला पहिल्यानेंच धरला होता, आणि तोही आपल्याच घरच्या तुपाचा.

पेला धुतला, रबरी कडी नीट बसवून घट्ट फिरविला. पाणी तरी पूर्ण वाहीना, म्हणून लांकडी दांड्याचा रबरी पेला घेतला. सिंकमध्यें रबर बुडेल इतकें पाणी ठेवलें, वरच्या बाजूच्या भोंकांत ओलें फडकें कोंबलें आणि पंधरा-वीस वेळां नेटानें खालींवर केलें. मोठा घोट घेतल्यासारखा आवाज होऊन पाणी भोंवरा करीत उतरलें. शेवटीं हातास सोसेल इतकें गरम पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा सोडला. उकळतें पाणी ओतूं नये. हल्लींच्या प्लॅस्टिकच्या नळ्या त्यानें मऊ पडतात. गुरुजी येण्यापूर्वीं आमचें दुसरें स्नान आटोपलें होतें. पिंडदान करतांना हातांकडे लक्ष गेलें. ते हात त्या दिवशीं आम्हांस अपवित्र वाटले नाहींत.

आतां आमच्या घरीं कांहीं नियम झाले आहेत. तुपा-तेलाचीं भांडीं घासण्यापूर्वीं जुन्या कागदानें पुसावयाचीं. सिंकच्या भोंकावर बारीक गाळणी; चहाचा चोथा कुंडींत. दर शनिवारीं न्हाणीची जाळी उचलून केंस काढावयाचे, आणि हें काम पुरुषांनीं पाळीपाळीनें करावयाचें. पहिली पाळी आमची. वहिनींनीं प्रथम नाक मुरडलें, परंतु हल्लीं पाळी कोणाची हें त्याच ध्यानांत ठेवतात.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. एकच मोरी तुंबली तर दोष तिच्या पेल्यांत असतो आणि तो घरच्या माणसानें काढावा. सर्वच मोऱ्या एकदम तुंबल्या, किंवा सर्वांत खालच्या मोरींतून पाणी उलट वर येऊं लागलें, तर अडथळा बाहेरच्या चेंबरांत असतो. तेथें आपण उतरूं नये, आणि पैसे देऊन दुसऱ्या कोणासही उतरवूं नये. त्या बंद जागेंतील वायु माणसाचें घ्राणेंद्रिय आधीं बधिर करतो आणि मग प्राण घेतो. संरक्षणाच्या साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे. तरी त्यानंतरही माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या आम्हीं वाचल्या आहेत. यंत्र मागवावें, दोन दिवस अडचण सोसावी.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न अजून आमच्याकडे शिल्लक आहे. तो आज पन्नाशींत असेल; कोठें असतो, तें शाळेच्या जुन्या मंडळींकडे विचारीत आहों. भेटला तर त्यास घरीं बोलावून, पुढच्या दारानें आंत घेऊन, उत्तर द्यावयाचें आहे. शिक्षकानें उत्तर देण्यास फार उशीर केला, ह्याबद्दल त्याची क्षमा आधीं मागावी लागेल.