अप्पांचे झूझू

जाहिरात लागली की माणसे उठतात. कुणी पाणी प्यायला जाते, कुणी गॅसवरचे दूध बघून येते. आमच्या घरी मात्र २००९ च्या उन्हाळ्यात उलटाच प्रकार होता. क्रिकेटचा सामना चालू असताना घरातली माणसे इकडेतिकडे पांगलेली असत, पण षटक संपले की अप्पा केवढ्यांदा तरी ओरडत, "या, या, लागलं!" मग अम्मा मांडीवरच्या सुपासकट दारातून आत सरके, धाकटा भाऊ उंबऱ्यावरून उडी मारी, आणि आम्ही चौघे तीस सेकंदांची ती गंमत बघायला संचापुढे बसत असू.

वर्गातल्या माझ्या मैत्रिणी तेव्हा फारच लहान असतील. (मध्ये काही वर्षे शिक्षण सुटल्यामुळे मी वर्गातली सर्वांत थोरली, हे आमच्या प्राध्यापकांना ठाऊकच आहे.) म्हणून थोडे सांगायला हवे. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुका असल्याने आयपीएलचे सामने दक्षिण आफ्रिकेत नेले होते. १८ एप्रिल ते २४ मे असा तो हंगाम चालला. त्या सामन्यांच्या मधल्या जागेत व्होडाफोन कंपनीने झूझू नावाचे प्राणी आणले. अंड्यासारखे मोठे डोके, काडीसारखे हातपाय, सगळे अंग पांढरे. दर जाहिरातीत मोबाइलची एखादी सेवा असे, पण आम्हाला त्या सेवेशी काय करायचे होते? आम्ही बघायचो ती झूझूंची फजिती. आणि एकच जाहिरात महिनाभर उगाळायची, असेही नव्हते. सुमारे तीस जाहिराती केल्या होत्या त्यांनी त्या एका हंगामासाठी. आज कोणती नवी लागणार, म्हणून वाट बघावी लागे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, भिंतीपलीकडच्या आजींकडे कन्नड, टीव्हीवर हिंदी. झूझू बोलत ते यांतले काहीच नव्हते, नुसते किचकिचणे. आजींना ती भाषा तेलुगू वाटे आणि अम्माला कन्नड! दोघींचा यावर एकदा चांगला अर्धा तास वाद झाला होता.

पण अप्पांना त्या किचकिचण्याचाही पत्ता नव्हता.

अप्पा यंत्रमागावर टॉवेल विणत. सोळाव्या वर्षी ते मागापुढे उभे राहिले. जुन्या धोट्याच्या मागांची शेड ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना तिथला आवाज शब्दांत सांगणे अवघड आहे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कायद्याची मर्यादा. अशा शेडमध्ये आवाज सहज शंभराच्या घरात जातो. तिथे कुणी बोलत नाही. हातवारे करतात, ओठ मोठमोठे हलवतात. इंग्लंडमध्ये लँकाशायरच्या गिरण्यांतले विणकरही असेच ओठांनी बोलत, हे मी पुढे वाचले आणि मला उगीचच ते लोक ओळखीचे वाटू लागले.

या आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ यांसारखी अक्षरे गळतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज पुरुषांच्या आवाजाआधी पुसट होतात. म्हणजे अप्पांच्या कानांतून मागाच्या मालकाचा आवाज जाण्याच्या कितीतरी आधी माझा गेला. हे मला कळले तेव्हा मी बारावीत होते. तोवर मी समजत होते की अप्पांचे माझ्याकडे लक्ष नसते.

ऐकू न येणाऱ्या माणसाच्या घरात एक वाक्य फार वेळा उच्चारले जाते. सगळे हसतात, तो सर्वांच्या तोंडांकडे बघतो आणि विचारतो, "काय झालं?" आणि कुणीतरी म्हणते, "काही नाही." मोठ्याने, हळू, ओठ दाखवून सगळे पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. सांगून होईपर्यंत विनोदाचा भातही झालेला असतो. मीही म्हणत असे. दिवसातून दहा वेळा म्हणत असेन. अप्पा मग "बरं" म्हणत आणि आम्ही हसून संपल्यावर आपले थोडेसे हसून घेत. मराठी मालिका असो, हिंदी सिनेमा असो, अप्पांचे हसू नेहमी एक घर मागे.

झूझूंच्या वेळी मात्र अप्पा आमच्याआधी हसत! वर्षानुवर्षे हातवारे वाचलेला माणूस तो. झूझूने नुसती मान वळवली की अप्पांना पुढची फजिती दिसे, आणि ते मांडीवर थाप मारीत. एकदा मलाच उमगले नाही आणि मी विचारले, "काय झालं?" अप्पांनी मला हाताने सगळे करून दाखवले. "काही नाही" म्हणाले नाहीत.

झूझू म्हणजे कार्टून, अशी आमची ठाम समजूत होती. मग एका वर्तमानपत्रात आले की ती खरीखुरी माणसे आहेत. ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेतले राजीव राव यांच्या कल्पनेतून ती निघाली आणि प्रकाश वर्मा यांनी केपटाऊनमध्ये त्यांचे चित्रीकरण केले. माणसे लहानखुरी दिसावीत म्हणून भोवतालच्या वस्तू मोठ्या केल्या, डोके आणि अंगाचा पोशाख वेगवेगळा बनवला, आणि हालचाल कार्टूनसारखी तुटक दिसावी म्हणून कॅमेऱ्याची गती बदलली. मी तो मजकूर अप्पांपुढे धरला. ते सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. बोट ठेवून ठेवून सगळे वाचले. त्या रात्री जाहिरात लागली तेव्हा ते हसलेच नाहीत; संचाच्या अगदी जवळ जाऊन बसले. "सुरकुती नाही," ते शेवटी म्हणाले. "वाकतोय, बसतोय, पण कापडाला सुरकुती नाही. जाड विणलंय. आणि शिवण कुठाय?" पुढे आठवडाभर ते शिवण शोधत होते.

आता यातला विरोध बघा. जाहिरात मोबाइलची, आणि अप्पांना मोबाइलचा उपयोग कोणता? त्यांच्याजवळ एक साधा फोन होता. आम्ही मिस्ड कॉल द्यायचो: एक दिला तर घरी या, दोन दिले तर लवकर या. फोन थरथरला की त्यांना कळावे, ही योजना. पण मागापाशी सगळी जमीनच थरथरते! अम्माने शेवटी तो बनियनला आतून खिसा शिवून बरगडीशी ठेवायला लावला. पुढे २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि व्हिडिओवर ओठ दिसू लागले तेव्हा कुठे अप्पा फोनवर 'बोलू' लागले. व्होडाफोनचे २०१८ मध्ये आयडियाशी लग्न लागले, २०२० मध्ये दोघांचे नाव 'व्ही आय' झाले. झूझू केव्हाच पडद्याआड गेले होते.

या सगळ्याची आठवण होण्याचे कारण यंदाच्या दिवाळीतले. एका मैत्रिणीने मला जपानमधल्या मोबाइल कंपनीच्या जाहिराती दाखवल्या. तिथे ही मालिकांची कला फारच पुढे गेलेली. सॉफ्टबँक कंपनीने २००७ पासून शिरातो नावाचे एक कुटुंब वर्षानुवर्षे चालवले. आई माणूस, मुलगी माणूस, मुलगा कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि वडील म्हणजे एक पांढरा कुत्रा! का, ते कुणी सांगत नाही. कुत्रा भारदस्त आवाजात घरच्यांना दटावतो. तो आवाज किनया किताओजी या नामवंत नटाचा. 'एयू' या दुसऱ्या कंपनीने २०१५ पासून तिथल्या लोककथांतले मोमोतारो, उराशिमातारो आणि किनतारो हे तिघे वीर मित्र करून जाहिरातींत आणले. गंमत अशी की व्होडाफोनने आपला जपानमधला धंदा २००६ मध्ये ज्यांना विकला ते हेच सॉफ्टबँक. पुढच्याच वर्षी व्होडाफोनने इकडे हच घेतले, आणि हचचा २००३ पासूनचा तो पग कुत्रा त्यांच्याकडे आला. दोन्ही देशांत दारी कुत्राच!

मी मोठ्या उत्साहाने त्या जाहिराती अप्पांना दाखवायला बसले. अम्माही सूप घेऊन आली. हजार विड्यांतल्या दोनशे राहिल्या होत्या. पण झूझूंची मजा इथे येईना. सगळी गंमत बोलण्यात. कुत्रा बोलतो, आई उत्तर देते, मुलगी तोंड फिरवते, आणि आम्ही तिघे सारखेच बहिरे. अप्पांनी सवयीने माझ्याकडे वळून विचारले, "काय म्हणतोय?"

माझ्या तोंडून निघून गेले, "काही नाही."

ते म्हटल्यावर मला फार वाईट वाटले. मी घाईघाईने ओठ दाखवत म्हटले, "अप्पा, खरंच मला कळत नाही. जपानी आहे. मलाही ऐकू येत नाही असं समजा." अप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले. मग फोन हातात घेतला, जाहिरात पुन्हा लावली, आणि कुत्र्याचे तोंड हलू लागताच त्याच्याच ऐटीत, तेलुगूतून बोलू लागले : "इतकी वर्षं झाली, या घरात मला कुणी काही सांगत नाही! काय झालं विचारलं की काही नाही! अरे, मी कुत्रा आहे, दगड नाही!"

अम्मा इतकी हसली की सुपातली तंबाखू सतरंजीवर सांडली. मीही हसले, पण जरा उशिरा.

अप्पांना एवढ्याने कुठे समाधान? त्यांनी दुसरी जाहिरात लावायला सांगितली, तिसरी सांगितली. रात्री अकरापर्यंत कुत्रा तेलुगूत बोलत होता, आणि अम्माच्या दोनशे विड्या तशाच राहिल्या.