धुळीवरची रेघ



नोव्हेंबर हा आपल्या मृत आप्तांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. २ तारखेला कबरी झाडून, धुऊन, फुले वाहून, मेणबत्त्या लावून झाल्या. इकडे सौंसरच्या शिवारात कापसाची वेचणी चालू आहे, माणसांना दिवसा फुरसत नाही. म्हणून आम्ही स्वयंसेवक संध्याकाळी निघतो आणि ज्या घरातले कोणी वर्षभरात गेले आहे, तिथे जाऊन बसतो. प्रार्थना होते, एखादे गीत होते, चहा होतो. आणि बहुतेक प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, जो काहीच बोलत नाही.

त्याला बोलते करण्याची आपल्यालाच घाई असते. कोणी म्हणते, “रडून घ्या, मोकळं वाटेल.” कोणी म्हणते, “देवाची मर्जी, आपण काय करणार?” आमच्या भागात त्यात आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. पुष्कळांना प्रार्थनाही हिंदीतच पाठ आहेत. माय ज्या भाषेत हाक मारत होती, त्या भाषेत देवाशी बोलायची सवय नाही. आणि ज्या भाषेत प्रार्थना येते, तिच्यात मायची आठवण मावत नाही. मग माणूस गप्प राहतो. आपण समजतो की त्याचा विश्वास डळमळला.

आजचे मनन अशा गप्प माणसाबद्दल आहे, आणि कागद-पेन्सिलीबद्दल.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातला. सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच थांबले. पुढे कितीतरी काळ ते मूल धुळीत बोटाने चित्रे काढून आपले मन सांगत असे. वारली समाजात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे सवाष्णींचे काम. पण हा मुलगा मोठा होऊनही काढत राहिला. लग्नकार्याची वाट न बघता, रोज. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले, तोवर त्यांची चित्रे परदेशातल्या मोठमोठ्या दालनांत पोहोचली होती.

पुरस्कारांचे आम्हाला कौतुक आहेच. पण आमचे मन अडकते ते त्या सात वर्षांच्या लेकराच्या बोटाशी. त्याच्याजवळ कागद नव्हता, रंग नव्हते, शिकवणारा नव्हता. दुःख होते आणि समोर धूळ होती. तेवढ्यावर त्याने दिवस काढले.

धूळ म्हटली की आपल्याला शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवतो. संत योहानाच्या आठव्या अध्यायात एका स्त्रीला लोक ओढत येशूपुढे आणतात. हातात दगड आहेत, तोंडात नियमशास्त्र आहे, आणि सगळ्यांना ताबडतोब उत्तर हवे आहे. येशू उत्तर देत नाही. तो खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. लोक पुन्हा पुन्हा विचारतात तेव्हा तो उठून एकच वाक्य बोलतो आणि परत खाली वाकून लिहू लागतो. चारही शुभवर्तमानांत येशूने काही लिहिल्याचा उल्लेख एवढाच, आणि तोही धुळीवरचा. काय लिहिले, हे योहानाने सांगितलेले नाही. पण त्या वेळात ओरडणारा जमाव शांत झाला. म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून गेला. ती स्त्री वाचली.

म्हणजे शब्द जिथे दगड होऊ पाहतात, तिथे प्रभूने स्वतः शब्द बाजूला ठेवले आणि बोट जमिनीला लावले. आम्ही या प्रसंगातून एवढेच शिकलो: शोकाच्या घरी गेल्यावर दरवेळी बोलायलाच पाहिजे असे नाही.

आमच्या धर्मग्रामातल्या एका बाबांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. पत्नी गेल्यापासून त्यांनी चर्चला येणे सोडले होते. आम्ही गेलो की खाटेवर बसून राहायचे, खाली बघत. एका संध्याकाळी नात शेजारी चित्र रंगवत होती. तिने आजोबांच्या हातात पेन्सिल दिली आणि वहीचे पान फाडून पुढे केले. बाबांनी एक खाट काढली. खाटेच्या बाजूला औषधाच्या बाटल्या, वर एक बल्ब. आणि मग त्या बल्बवरून पेन्सिल इतकी दाबून फिरवली की कागद फाटला.

आम्ही कोणी काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “त्या राती मले एवढंच दिसत होतं.” आणि रडले. वर्षात पहिल्यांदा, असे त्यांच्या सुनेने नंतर सांगितले.

फाटलेल्या त्या कागदात दुःख होते तसा रागही होता, आणि तो देवावरचा होता. देवावर रागावलो असे तोंडाने म्हणायची आपल्याला भीती वाटते. पण स्तोत्रे उघडून बघा. स्तोत्रकर्ता देवाला तू कुठे लपलास असे सरळ विचारतो, आणि तरी ती प्रार्थनाच ठरते. बाबांचा तो कागद आम्हाला तसाच वाटला. त्यानंतर त्यांनी पत्नीच्या नावाने मिस्सा सांगितली. ते अजून दर रविवारी येतात असे नाही. येतात तेव्हा मागच्या बाकावर बसतात. आम्ही त्याबद्दल देवाचे आभार मानतो.

चित्र काढल्याने मन हलके होते, याचा शास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, कागद, माती देऊन हवे ते करू दिले. त्याआधी आणि नंतर लाळेतल्या कॉर्टिसोलचे, म्हणजे ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाचे, प्रमाण मोजले. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झाले. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांत विशेष फरक दिसला नाही. राहिलेल्यांत मात्र ते कमी झाले नाही, हेही ध्यानात ठेवू या. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

आत्मपरीक्षणासाठी रेघ ओढणे आपल्या परंपरेतही आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ मध्ये छापले गेले, आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या दिल्या आहेत. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मन तपासायचे आणि जो दोष सोडायचा आहे, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यायचे. मग कालचे आणि आजचे ठिपके शेजारी ठेवून बघायचे. आपलेच मन डोळ्यांपुढे कागदावर दिसते, तेव्हा त्याला फसवणे अवघड जाते.

आपल्यापैकी कोणाला हे करून बघायचे असेल, तर आम्ही करतो ते असे. रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे. साधी वही, पेन्सिल, असले तर रंगीत खडू. खोडरबर नको. आधी क्रुसाची खूण करून थोडा वेळ शांत बसावे. मग आज मनाला जिथे टोचले, तिथला एक आकार काढावा. दार, विहीर, रिकामी खुर्ची, नुसता काळा गोळा, काहीही. चांगले आले का हे बघू नये. शेवटी पानाच्या खाली तारीख घालावी आणि ते पान हातात धरून देवाला म्हणावे, हे तुझ्यापुढे ठेवले.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या. दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ लावू नये. प्रभूने धुळीवर काय लिहिले हे जसे आपल्याला सांगितलेले नाही, तसे शेजाऱ्याचे पानही त्याचे आणि देवाचे असू द्यावे. आणि झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले, तर वहीवर विसंबून राहू नये. डॉक्टरांकडे जावे; सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करण्यात विश्वासाला काही कमीपणा नाही.

प्रार्थना करू या:

हे प्रभो, जमिनीवर वाकून लिहिणाऱ्या तुझ्या बोटाची आम्हाला आठवण राहू दे. ज्यांना आज शब्द सापडत नाहीत, त्यांच्या शेजारी गप्प बसण्याची ताकद आम्हाला दे. त्यांच्या वेड्यावाकड्या रेघा, खाडाखोड आणि फाटलेली पानेही तू प्रार्थना म्हणून स्वीकार. आमच्या मृत आप्तांना तुझ्या शांतीत विसावा दे. आमेन.