हादरे कोणी सोसायचे?

वाचकहो, घरात सत्तरीपुढचे कोणी असेल, तर दवाखान्याचा दिवस कसा उगवतो हे आपणांस सांगावयास नको. आदल्या रात्री फाइल, चष्मा आणि पाण्याची बाटली काढून ठेवायची, सकाळच्या गोळ्या लवकर द्यायच्या आणि ऊन चढण्याआधी निघायचे. खडवलीहून कल्याणला लोकलने जाणे तसे सोपे. टिटवाळा, आंबिवली, शहाड मागे पडले की आलेच कल्याण. परंतु गुडघे धरलेल्या 78 वर्षांच्या माणसाला फलाट आणि डबा यांमधले वीतभर अंतरही डोंगराएवढे वाटते. म्हणून मी आईला आमच्या पिकअपमधून नेत असे. पहाटे जिच्यातून भाजीपाला बाजार समितीत उतरवायचा, तीच गाडी रिकामी करून आईला शेजारच्या आसनावर बसवायचे.

एका पावसाळ्यानंतर ही गाडी फार उसळू लागली. खड्डा मागे पडला तरी तिचे डोलणे थांबत नसे. "गाडी आहे की उखळ रे?" असे आई हसून म्हणे. मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरवरून बोट फिरवले आणि तेलाने ओले झालेले ते बोट मला दाखवले. "दादा, दोन्ही शॉकअप गेले. जोडी बदला."

तो महिना ओढाताणीचा होता. मी एकच बदलला, आणि तोही जुना, नव्याने तेल भरून रंग दिलेला. हजारभर रुपये वाचले, याचे समाधान वाटले. दोन महिन्यांनी दवाखान्यातून परतताना एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि आईने कंबर धरली. घरी आल्यावर मी तिला तेल चोळले, शेक दिला. "वय झाले की दुखायचेच," असे तीही म्हणाली आणि मीही मानले. चौथ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा क्ष-किरण चित्र काढले. पाठीचा एक मणका खचला होता.

मी डॉक्टरांना गाडीचे सांगितले. हाडे मुळातच ठिसूळ झाली होती, अशा मणक्याला वाकून बादली उचलणेही पुरते, असे ते म्हणाले. गाडीच्या हादऱ्यानेच तो खचला असे छातीठोकपणे सांगता येत नाही, परंतु तसे घडू शकते, हेही त्यांनी लपवले नाही. त्या वाचवलेल्या रुपयांचा हिशेब मी आजही मनात मांडतो.

मिस्त्रींच्या बाकावर बसून मग मी हा विषय शिकून घेतला. नाव शॉकअब्सॉर्बर असले तरी पहिला धक्का आणि गाडीचे ओझे पेलतात ते पाटे किंवा स्प्रिंग. दाबलेला पाटा उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी मारण्याचे काम शॉकअब्सॉर्बरचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअब्सॉर्बर हाताला कोमट लागतो. तो निकामी झाला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते आणि न जिरलेली उसळी आसनावर बसलेल्याच्या पाठीला सोसावी लागते.

तेव्हा आपली गाडी तपासून घ्यावी. नळीवर तेलाचे ओघळ आहेत का, टायर जागोजागी वाटीसारखा झिजला आहे का, खड्ड्यात टकटक आवाज येतो का, हे पाहावे. आवाज कधीकधी केवळ झिजलेल्या रबरी बुशचा असतो आणि तो थोडक्या खर्चात जातो. टायरमधील हवाही पाहावी. पूर्ण मालासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीत तशीच ठेवली, तर चांगला शॉकअब्सॉर्बरही फारसे काही करू शकत नाही. रिकाम्या गाडीला किती हवा हवी, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

बदलण्याची वेळ आलीच, तर एका आसाचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी एका अंगाला डोलते. चारही परवडत नसतील, तर जी जोडी अधिक थकली असेल ती आधी घ्यावी. ज्येष्ठ व्यक्ती पुढे बसत असल्याने पुढची जोडी दुर्लक्षू नये. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातलाच भाग हवा असे नाही. शॉकअब्सॉर्बर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल सुट्या भागांच्या दुकानांत बहुधा स्वस्त मिळतो. 1961 साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना तर आपल्याच मध्य रेल्वेवरील मुलुंडला उभा राहिला. मात्र आपल्या गाडीचा नेमका भाग क्रमांक जुळवावा, जीएसटीचे बिल आणि हमीपत्र मागून घ्यावे. जुना भरून रंगवलेला घेऊ नये. आणि 'जास्त कडक म्हणजे जास्त मजबूत' या बोलण्याला भुलू नये. अवजड मालासाठीचा कडक शॉकअब्सॉर्बर रिकाम्या गाडीत म्हाताऱ्या पाठीला अधिकच बोचतो. बसवताना रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगावे. जॅकवर लोंबत असतानाच आवळले, तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते.

एवढे करूनही गाडीवर सारा भार टाकू नये. ज्येष्ठांना मालाच्या हौद्यात कधीही बसवू नये. बसमध्ये मागच्या चाकांच्या पलीकडील शेवटची रांग टाळावी, कारण तेथे उसळी सर्वाधिक असते. सीटबेल्ट लावावा, कमरेमागे लहान उशी द्यावी आणि गतिरोधक दिसताच चालकाने "आई, धरून बसा" एवढे मोठ्याने म्हणावे. बेसावध पाठीला हादरा अधिक लागतो. प्रवासानंतर पाठीत नवी कळ उठली, तर चोळत बसू नये, क्ष-किरण चित्र काढावे. पायांत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केव्हा करायची, हेही आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आईने काही महिने कंबरेचा पट्टा वापरला, औषधे घेतली. आता ती काठीच्या आधाराने अंगणात येते. नव्या जोडीनंतर पहिल्यांदा कल्याणला गेलो, तेव्हा परतताना तिने विचारले, "आज हळू चालवलीस का रे?" वेग नेहमीचाच होता. मी "हो" म्हणालो, आणि त्या दिवसापासून खरोखरच हळू चालवू लागलो.